जर्मननंतर थेट हिस्टरी

बाळ,

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. "काकू, मी आता नक्की कोणाच्या बाजूची?" हे तू चारदा विचारलंस. मी चारही वेळा गप्प बसले. प्रश्नच चुकीचा होता, आणि रडणाऱ्या मुलीला रात्री साडेअकराला ते सांगणं मला जमलं नाही. आज सांगते.

बाजूचं सोड. कॉलेजच्या ऑफिसात खुर्ची मिळालेल्या माणसाने आधी एकच विचारायचं: हा निर्णय कोणाचा? चांगला की वाईट, ते मागून. पैसे पुरतील का, तेही मागून.

तू डीन, म्हणून तुझ्या कॉलेजच्या प्रेसिडेंटनी दार लावून तुझ्याकडे बंद करायला कमी मुलं असलेल्या सहा विभागांची यादी मागितली. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआत हवी आणि बाहेर बोलायचं नाही. तू तीन आठवडे आकडे जुळवत बसली आहेस. सहांत तुझा स्वतःचा समाजशास्त्र विभागही येतोय, म्हणून जीव वरखाली होतोय. यादीत कोण बसतं आणि कोण सुटतं, हे तू मला पाऊण तास सांगितलंस. ती यादी करायचा अधिकार तुला दिला कोणी, यावर एक वाक्य नाही!

मला राग आला तो याचा. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. कारण ती यादी मी एकदा केलेली आहे.

हे तुला मी आजवर सांगितलेलं नाही. रजिस्ट्रार होऊन मला सहावं वर्ष होतं. जुलै महिना. प्राध्यापकांचा करार नऊ महिन्यांचा, त्यामुळे उन्हाळ्यात कॅम्पसवर आम्ही ऑफिसवाले, गवत कापणारे आणि बास्केटबॉलच्या शिबिराला आलेली शाळकरी पोरं, एवढेच. तेव्हाच्या प्रेसिडेंटना आठपेक्षा कमी मुलं असलेल्या वर्गांची पाच वर्षांची माहिती हवी होती. मी दोन दिवसांत दिली. वर, कोणी न मागता, एक तिसरा रकाना जोडला: हे बंद केलं तर वर्षाला किती वाचतील. मी नुसती कारकून नाही, हे दाखवायची हौस होती. ऑगस्टमध्ये विषयांचा नवा कॅटलॉग छापून आला. त्यात ग्रीक नव्हतं.

ग्रीक शिकवणारे गृहस्थ स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री. कॉलेज काढलं होतं तेच मुळात पाद्री आणि शाळामास्तर तयार व्हावेत म्हणून. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, जाणाऱ्या मुलाला बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचता यावा, ही त्या काळी साधी अपेक्षा होती. पुढे वर्गात मुलं पाच, कधी चार. ते माझ्या काउंटरपाशी आले, कॅटलॉग उघडून समोर ठेवला, आणि जर्मन संपून हिस्टरी सुरू होतं त्या दोन ओळींच्या मधोमध बोट टेकवलं. नखात बागेतली माती होती. आवाज चढवला नाही. "इथे आम्ही होतो," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "अभ्यासक्रम समितीची बैठक कधी झाली?"

त्या समितीची पदसिद्ध सेक्रेटरी मीच. इतिवृत्त मीच लिहायची. बैठक झालीच नव्हती, हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आकडे खोटे नव्हते, हे मी आजही सांगते. ते कागद काढले तर एक बेरीज चुकलेली सापडायची नाही. प्रेसिडेंटनी मागितलेली माहिती रजिस्ट्रारने द्यायची नाही तर कोणी द्यायची? मी दिली नसती तर दुसऱ्या कोणी दिली असती, आणि अर्धवट दिली असती. कॉलेजचे हाल खरोखरच वाईट होते. त्या वर्षी पगारवाढ कोणालाच नव्हती. हे सगळं मी स्वतःला बावीस वर्षं सांगत आले आहे आणि ते सगळं खरं आहे. फक्त तो तिसरा रकाना कशातच बसत नाही.

म्हणून नीट ऐक. अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना, उच्च शिक्षणाची परिषद आणि कॉलेजांच्या विश्वस्त मंडळांची संघटना, अशा तिघांनी मिळून १९६६ साली एक निवेदन तयार केलं होतं. अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, संशोधन, प्राध्यापकांची नेमणूक आणि बढती, यांची प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांची, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तो कायदा नव्हे. पण बहुतेक लहान कॉलेजांच्या फॅकल्टी हँडबुकात, म्हणजे प्राध्यापकांच्या नियमांच्या पुस्तकात, त्याची छाया आहे, आणि हँडबुक मात्र तुमच्या घरचं आहे. तुझ्या कॉलेजचं तू शेवटचं कधी वाचलंस? नेमणुकीच्या वेळी सही केलीस, तेव्हाच ना?

बजेट प्रेसिडेंट मांडतात आणि बोर्ड, म्हणजे विश्वस्त मंडळ, मंजूर करतं. तिथे तुझी लुडबुड नको. वर्गातला ग्रेड शिकवणाऱ्याचा. तो रजिस्ट्रार बदलत नाही, डीन बदलत नाही. पदवी मिळणाऱ्यांच्या नावांवर आधी प्राध्यापक मत देतात, मग बोर्ड पदवी देतं. मधे रजिस्ट्रार फक्त छातीला हात लावून सांगतो की हिचे सगळे क्रेडिट पुरे झाले आहेत. एखाद्या आजीने ऑर्गनच्या देखभालीसाठी देणगी ठेवली असेल, तर तो पैसा कॉलेजच्या खात्यात असूनही छप्पर गळतं म्हणून तिकडे वळवता येत नाही; तिचा निर्णय ती करून गेली. मुलांच्या नोंदींवर १९७४ च्या कायद्याने मुलांचाच हक्क आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीचे मार्क तिच्या परवानगीशिवाय मी बापाला फोनवर सांगत नसे, मग बाप कितीही मोठा देणगीदार असो. आणि चर्चचं म्हणशील, तर त्याचाही शब्द लेखी लागतो. प्राध्यापकांच्या त्याच संघटनेच्या १९४० च्या निवेदनातच आहे: संस्थेच्या धार्मिक उद्देशामुळे शिकवण्याच्या स्वातंत्र्याला काही मर्यादा येणार असेल, तर ती नेमणुकीच्या वेळी लिहून द्यावी. पाच वर्षांनी कोणा बिशपला एखादं पुस्तक खटकलं म्हणून नाही.

पाहिलंस ना? एवढ्याशा कॉलेजात इतके वाटेकरी आहेत, आणि तुझं काम त्या सगळ्यांच्या मधे उभं राहून ज्याचा निर्णय त्याच्या हातात नेऊन देणं. डीन म्हणजे तेच. बाकी मिटिंगा.

"पण काकू, वेळच नाही," हे तुझं दुसरं पालुपद. हे मला ऐकवू नकोस. वेळ नसते म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. २०२३ च्या वसंतात मिशिगनमधली फिनलंडिया युनिव्हर्सिटी बंद झाली. फिनलंडहून आलेल्या लुथरन लोकांनी १८९६ मध्ये काढलेली. त्याच वर्षी आमच्या आयोवात मेथडिस्टांची आयोवा वेस्लियन गेली, १८४२ पासूनची. पुढच्या वर्षी अलाबामात बर्मिंगहॅम-सदर्न. ३१ मे २०२४ ला ते कॉलेज बंद झालं, त्या दिवशी त्यांचा बेसबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. अमेरिकेत २००७ नंतर जन्म घटत गेले. त्या मुलांची कॉलेजची वयं आता आली. खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीच्या निम्म्याहून जास्त सवलत देऊन बसली आहेत. तुझे प्रेसिडेंट घाबरले आहेत आणि त्यांचं घाबरणं योग्य आहे. त्यांना मी दुष्ट म्हणत नाही.

पण घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी समिती नको होते. खरोखर आर्थिक संकट असेल, तर ते आहे की नाही हे ठरवण्यातसुद्धा प्राध्यापकांचा सहभाग हवा, असं त्यांच्या संघटनेचे नियम सांगतात. समितीला एक महिना दे, हिशेब उघडे टाक, रोज संध्याकाळी बसव. सहा विभाग बंद करायचे की चार की एकही नाही, हे ती तुझ्यापेक्षा कठोरपणे ठरवेल. प्राध्यापक आपल्याच माणसांबद्दल किती निष्ठुर होऊ शकतात, ते तुला अजून माहीत नाही.

मी नगरची, म्हणून हे मला जरा जास्तच लागतं. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा होत्या. फरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांना पुण्यात शाळा काढाविशी वाटली, हे तू शाळेत वाचलंच असशील. त्या मिशनची सूत्रं बॉस्टनला. १८५४-५५ मध्ये तिथले सेक्रेटरी रूफस अँडरसन दौऱ्यावर आले. त्यांचं ठाम मत, की शिक्षण देशी भाषांतून द्यावं आणि इंग्रजी आवरावं. त्या मतात तथ्य नव्हतं असं नाही. पण त्या दौऱ्यापायीच श्रीलंकेतल्या जाफन्याची बट्टिकोटा सेमिनरी बंद झाली, तीस वर्षांहून जुनी, आणि मराठी मिशनमध्येही इंग्रजी शिकवण्यावर गदा आली. वर्गात बसलेल्या मुलांना कोणी विचारलं? लांबून आलेला शहाणा माणूस, घाईचा दौरा आणि तत्त्व बरोबर. मला अशा तिघांचं एकत्र येणं फार भीतिदायक वाटतं.

आता चॅपलचं, कॉलेजच्या प्रार्थनाघराचं सांगते, म्हणजे मी प्राध्यापकांचीच तळी उचलते असं तुला वाटायला नको. आमच्या वेळापत्रकात सकाळी दहा दहा ते साडेदहा ही वीस मिनिटं रिकामी. चॅपलची वेळ. तेव्हा एकही वर्ग ठेवायचा नाही. रसायनशास्त्राच्या लोकांना सलग प्रयोगशाळेसाठी ती वेळ हवी होती, शिक्षणाची बाजू बघणारे प्रोव्होस्टही राजी. "चॅपलला माणसं जेमतेम चाळीस जातात, टाका भरून," म्हणाले. मी त्या चॅपलमध्ये प्रार्थनेला कधी बसले नाही. माझा देव्हारा घरी. पण मी बोर्डाच्या जुन्या ठरावांची फाईल काढली. ती वेळ बोर्डाने ठरवलेली होती, आणि बोर्डावर बिशप बसतात. म्हणजे निर्णय प्रोव्होस्टचा नाही, रसायनशास्त्राचा नाही आणि माझा तर नाहीच. मी लिहून कळवलं: बोर्डाकडे जा. गेले. तासभर चर्चा झाली आणि वेळ राहिली. बोर्डाने काढली असती तर त्याच दुपारी मी ती वीस मिनिटं वेळापत्रकातून पुसली असती आणि रात्री शांत झोपले असते. हा निर्णय कोणाचा, हे एकदा कळलं की झोप लागते.

आणि ते न कळता कोणाच्या दडपणाने चाललीस, तर एक दिवस दहाव्या दिवसाचा आकडा मागायला माणूस येईल. सेमिस्टरच्या दहाव्या दिवशी जी मुलं हजर तीच मोजायची, हा आमचा नियम. एका वर्षी प्रवेश बघणाऱ्या उपाध्यक्षांना तेवीस मुलं जास्त हवी होती: नावं नोंदवलेली, पण न आलेली. "येतीलच," म्हणाले. मी मोजली नाहीत. पुढची तीन वर्षं माझ्या ऑफिसला मदतनीस मिळाला नाही. मेमध्ये ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे गुणपत्रकांची, पाकिटं मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर भरली. तुझे काका आणि मी. ग्रीकच्या यादीनंतर माझ्यात आलेला हट्ट तो हाच, आणि मला त्याची लाज नाही.

तू म्हणालीस, "तुम्हाला जमलं, माझी नोकरी जाईल." अगं, तुझी टेन्युअर, प्राध्यापकाची कायमची नोकरी, शाबूत आहे! डीनपद गेलं तर तू वर्गात परतशील, मुलांना शिकवशील, संध्याकाळी वेळेवर घरी जाशील. मला परतायला वर्ग नव्हता. माझा व्हिसाही त्या नोकरीवर होता तेव्हा. ग्रीकच्या त्या जुलैत मी "समितीला विचारते" असं म्हणाले असते तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तुला ते शोधून काढायची सोय आहे आणि तू ती वापरत नाहीस, याचा मला खरंच त्रास होतो.

तेव्हा मंगळवारी त्यांना भेटशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आकडे सगळे दे: किती मुलं, किती खर्च, कोणता विभाग इतर विभागांच्या मुलांना किती शिकवतो तेसुद्धा. कॉलेजच्या हिशेबाला ते लागतातच आणि ते देणं तुझं काम आहे. नावांची यादी देऊ नकोस. सोबत एक पानाचं पत्र ने, तीनच वाक्यांचं: माहिती जोडली आहे; विभाग बंद करण्याची शिफारस हँडबुकाप्रमाणे अभ्यासक्रम समितीकडून यायची आहे; समितीची बैठक अमुक तारखेला बोलवावी अशी विनंती. तारीख घाल. प्रत ठेव. आणि बोलून झाल्यावर ठरलेलं सगळं त्याच दिवशी ईमेलने त्यांना कळव, नाहीतर पुढच्या महिन्यात दोघांना दोन गोष्टी आठवतील.

ते चिडले तर चिडू देत. जेवणाच्या टेबलावर तुला पाहून गप्प होणारी तुझी मित्रमंडळी लगेच बोलायला लागतील, अशीही आशा धरू नकोस. त्या ग्रीकच्या सरांनी निवृत्त होईपर्यंत मला रोज नमस्कार केला, पण माझ्या काउंटरपाशी ते पुन्हा कधी थांबले नाहीत.

हँडबुक काढ. विभाग बंद करण्याचं कलम शोध आणि पानाचा आकडा मला कळव. सोमवारी सकाळी फोन केलास तरी चालेल, मी सहाला उठलेली असते.

तुझी,
काकू