परदेशी निघताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई-वडिलांना घेऊन थायलंड आणि व्हिएतनामला जायचं आहे. दोघं पक्के शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य. हॉटेलात ‘व्हेज’ म्हटलं की भागेल ना?
– एक वाचक, पंचवटी

भागणार नाही. तिथे ‘व्हेज’ म्हणजे भाजी असलेला पदार्थ. त्याला वरून मासळीचा सॉस लागला तर वाढणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही. थाई करीत तर सॉस नको म्हणूनही उपयोग नसतो, कारण मूळ वाटणातच ‘कापी’ म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट असते. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’मध्ये सुकी कोळंबी मिरचीसोबत कुटतात. ती निवडून बाजूला काढता येत नाही.

त्यापेक्षा तिथल्या लोकांच्या स्वतःच्या उपासाचं जेवण मागा. थायलंडमध्ये त्याला ‘जे’ म्हणतात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं, लांबून इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसणारी. ‘जे’मध्ये मांस-मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही, म्हणजे तुमच्या आई-वडिलांचा चातुर्मास तिथे आयता सांभाळला जातो. ‘मांगसाविरात’ हा दुसरा शब्द ऐकाल. तोही शाकाहारच, पण त्यात अंडं चालतं. ‘जे’चा नऊ दिवसांचा उत्सव पुष्कळदा आपल्या नवरात्रातच येतो. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला बसले. अधिक महिन्याच्या हिशेबातल्या फरकामुळे २०२५ मध्ये मात्र आपलं नवरात्र २२ सप्टेंबरला आणि त्यांचा उत्सव महिनाभराने आला. तिकिटं काढण्याआधी तारखा पाहून घ्या.

व्हिएतनाममध्ये ‘चाय’ (chay) लिहिलेली पाटी शोधा. हा चहा नव्हे. तिथे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांसाहार टाळतात, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास अशी दुकानं गजबजलेली असतात. ही भाषा सुरांवर चालते, सूर चुकला की शब्दच बदलतो. म्हणून तोंडी सांगण्यापेक्षा ‘मासळीचा सॉस नको, हाडांचं सूप नको, अंडं नको’ हे त्यांच्या भाषेत लिहून मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि तो दाखवा. आईंना एक आधीच सांगून ठेवा : ‘चाय’ दुकानात ताटात हुबेहूब कोंबडीचा तुकडा दिसेल. तो सोयाबीनचा किंवा गव्हाच्या चिकाचा असतो. आधी सांगितलं नाही तर त्या ताटावरून उठतील.

प्रश्न : मुलगी दुबईत आहे. दिवाळीचा फराळ आणि घरचा काळा मसाला न्यायचा आहे. अडचण येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर

फराळाची नाही, खसखशीची येईल. खसखस हे अफूच्या बोंडातलं बी, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती आणायला बंदी आहे. भाजली, वाटली, सारणात मिसळली तरी ती खसखसच. तेव्हा अनारसे तिळावर थापा, करंजीच्या सारणात खोबरं-तीळ वाढवा आणि काळा मसाला दुबईपुरता खसखस न घालता वेगळा कुटा. विकतचा नेणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा, बऱ्याच मसाल्यांत ती असते. विड्याची पानंही नेऊ नका. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा दुखण्यावरच्या गोळीत ट्रामाडॉल, तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधीच घ्यावी लागते. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही.

(युरोपला जाणाऱ्यांनी पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावं. युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात चालत नाहीत.)

प्रश्न : आम्ही द्राक्ष बागायतदार जॉर्जियात द्राक्षबागा बघायला जाणार आहोत. इंग्रजीवर निभावेल का? आणि कधी जावं?
– एक वाचक, दिंडोरी

राजधानी तिबिलिसीत निभावेल. काखेती या द्राक्षांच्या पट्ट्यातल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांना रशियन येतं, इंग्रजी क्वचितच. लिपी ३३ अक्षरांची. मराठी माणसाला एक सोय आहे : ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च यांना तिथे वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि आपल्याला दोन्ही उच्चार येतात. ‘गमार्जोबा’ म्हणजे नमस्कार, ‘मादलोबा’ म्हणजे धन्यवाद. मांस, दूध, अंडी यांच्याशिवायचं उपासाचं जेवण हवं तर ‘सामार्ख्वो’. लोबियानी ही राजम्याचं सारण भरलेली रोटी शाकाहाऱ्याला चालते, पण राचा भागातल्या लोबियानीत डुकराचं मांस घालतात, विचारून घ्या.

बघायची ती क्वेव्री, म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. त्यात वाइनसाठी द्राक्षांचा रस, साल, बिया, बऱ्याचदा देठही एकत्र आंबवून पाच-सहा महिने झाकून ठेवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला वारसा यादीत घेतलं. जेवणाच्या बैठकीत ‘तामादा’ म्हणजे बैठकीचा प्रमुख बोलल्याशिवाय पेला तोंडाला लावू नका.

काखेतीतली तोडणी सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरात जाते, म्हणजे नेमकी तुमच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या धांदलीत. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठ दिवस जाऊन या आणि छाटणी ऑक्टोबरात धरा. आगाप म्हणजे लवकर छाटणी करणाऱ्यांनी मात्र आधी मजुरांची सोय लावावी, मग तिकीट काढावं.