वाचक विचारतात : ड्रममधला धूर आणि निळी प्रत

(बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत ३१ वर्षं केमिस्ट म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका या महिन्यात तीन पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून एक छोटा कारखाना आहे. आठवड्यातनं दोन-तीनदा रात्री दहानंतर मागच्या बाजूला ड्रममध्ये काहीतरी पेटवतात. रबर जळल्यागत वास येऊलाय. सकाळी बघितलं तर रताळ्याच्या वेलींवर काळी कणी पडलेली असते. मालकाला विचारलं तर म्हणतो, ‘आम्ही इन्सिनरेशन करतो, सरकारमान्य पद्धत आहे.’ हे खरं काय?
— एक शेतकरी, मच्छे

उत्तर : दादा, इन्सिनरेशन म्हणजे घातक कचरा खास भट्टीत जाळणं, आणि ती पद्धत सरकारमान्य आहे हे खरं. पण तुमच्या बांधाला लागून जे चाललंय ते म्हणजे ती पद्धत नव्हे, आणि तो शब्द वापरून तुम्हाला गप्प केलं जातंय याचा मला मनापासून राग आहे.

घातक कचरा जाळायची खरी भट्टी कशी असते ते सांगते. आडवा, किंचित उतरता, विटांचं अस्तर लावलेला मोठा नळा संथ फिरत असतो. त्यात कचरा पेटतो. त्यातून निघालेला वायू दुसऱ्या दालनात जातो आणि तिथे साधारण ११०० अंश सेल्सिअसला निदान दोन सेकंद राहतो. दोन सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण एवढ्या उष्णतेत, भरपूर हवेत, नीट घुसळलेल्या वायूतले बहुतेक विषारी रेणू तेवढ्यात फुटतात. उघड्या ड्रममध्ये मधोमध ज्वाला आणि कडेला नुसता धुमसणारा लगदा असतो. तिथे रेणू अर्धवट तुटतात आणि नव्यानं जुळतात.

हे जुळणंच घातक. कचऱ्यात क्लोरीन असलं की (पीव्हीसी वायरचं वेष्टण, काही कटिंग ऑइलं, सॉल्व्हंट) धूर थंड होताना साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्झिन नावाची अतिविषारी रसायनं तयार होतात. वायर जाळून तांबं काढतात ते तर फार वाईट, कारण तांबं या क्रियेला हातभार लावतं. म्हणूनच खऱ्या भट्टीत तापलेल्या वायूवर पाण्याचा फवारा मारून तो टप्पा डोळ्याचं पातं लवायच्या आत ओलांडतात. पुढे चुना, सक्रिय कोळसा, कापडी पिशव्यांची गाळणी, पाण्यानं धुणं, आणि सगळ्यात शेवटी निदान ३० मीटरची चिमणी. चिमणीतून डायॉक्झिन किती सुटावं याची देशातली मर्यादा आहे घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचा दहावा हिस्सा. ड्रमला चिमणीच नाही, तर मोजणार कुठे?

तुमच्या पत्रात नाही, पण मला पहिल्यांदा आठवली ती म्हैस. डायॉक्झिन चरबीत साठतं, म्हणून ते दुधात उतरतं. माणसाच्या अंगात ते बहुतेक अन्नातूनच येतं आणि एकदा आलं की त्याचा निम्मा भाग जायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. तेव्हा कणी पडलेल्या वेली जनावराला घालू नका. रताळी घासून धुवा, साल काढूनच खा.

आता तक्रार. रात्री एकटे जाऊन भांडू नका. एका वहीत तारीख, वेळ, वारा कुठून होता, वास कसा होता हे लिहीत चला. मोबाइलवर फोटो काढा. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या की कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. आपल्या भाषेचा आग्रह मलाही आहे, पण इथे भाषेच्या कारणानं कागद मागे पडायला नको. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

प्रश्न : माझं पावडर कोटिंग आणि पेंटिंगचं छोटं युनिट आहे. पेंटचा गाळ, तेलकट चिंध्या, जुनं क्वेंचिंग ऑइल (तापलेला धातू बुडवून थंड करायचं तेल) असे पाच ड्रम सात-आठ महिने पडून आहेत. एक टेम्पोवाला स्वस्तात नेतो म्हणतोय. पावती देत नाही. देऊ काय?
— एक उद्योजक, उद्यमबाग

उत्तर : देऊ नका. तो ते कुठे नेणार हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही मला विचारलंत.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही तेलकट चिंध्या भिंतीमागे जाळायचो. काडी कित्येकदा मीच लावली आहे. आमच्या ड्रमांचा टेम्पोही असाच बिनपावतीचा जायचा. एका पावसाळ्यात आमच्याच रंगाचा, आमच्याच हातानं नंबर घातलेला ड्रम मला नाल्याच्या काठी उलटा पडलेला दिसला. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि खालच्या अंगाला भाताची लावणी चालली होती. त्यानंतर मालकाशी वाद घालून मी ते थांबवलं, पण आधीचे ड्रम कुठे गेले ते मला आजही सांगता येणार नाही.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. तुमची मुदत उलटली आहे. तेव्हा लपवाछपवी न करता प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत मंजुरी आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत केंद्राचं सभासदत्व, दोन्हीच्या मागे लागा. सगळंच जाळायला पाठवायची गरज नाही, पैसे वाचतील. क्वेंचिंग ऑइल वेगळं ठेवा, ते मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं. त्यात थिनर किंवा पाणी मिसळलंत तर तो घेणार नाही. पेंटचा गाळ आणि चिंध्या यांना उष्मांक चांगला असतो, त्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून चालू शकतात. तिथे १४५० अंशांवर क्लिंकर (ज्याचं दळून सिमेंट होतं ते खडे) भाजतात आणि राखही सिमेंटमध्येच मुरते. कलबुर्गीकडे सिमेंट कारखाने आहेत. केंद्रवाल्याला याबद्दल आधी विचारा.

ड्रमवर पिवळं लेबल आणि त्यावर लाल अक्षरं हवीत, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. आपल्याकडे म्हणजे कन्नड. आमच्याकडे ड्रम उचलणारी पोरं पिरनवाडी-देसूरची, मराठी शाळेतली. म्हणून मी खाली ब्रशनं चौथी ओळ लिहायची, ‘विषारी आहे, हात लावू नको’. तुम्हीही लिहा.

ड्रम निघाले की सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबरचा नोंदीचा कागद, होतं. पिवळी प्रत तुमच्याकडे राहते. लोक ती फायलीला लावून निवांत होतात. तसं करू नका. माल पोचल्यावर केंद्राकडून तुम्हाला निळी प्रत परत यायला हवी. ती आली नाही तर तुमचे ड्रम वाटेत आहेत की नाल्यात, कोणी सांगू शकत नाही. फोन करा, पत्र लिहा, पिच्छा पुरवा.

प्रश्न : जाळलं की कचरा संपतो ना? आणि असा प्रकल्प उद्या आमच्या तालुक्यात आला तर आम्ही काय विचारायचं?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : संपत नाही, ताई. सेंद्रिय विष जळतं. शिसं, क्रोमियम, कॅडमियम जळत नाहीत. ते राखेत आणि गाळणीच्या धुळीत उतरतात, आणि पारा तर वायूबरोबर निघून जायला बघतो. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरच्या भट्टीकडे नेला आणि जूनअखेरपर्यंत जाळला. जाळताना त्यात चुना मिसळावा लागला. शेवटी राख आणि अवशेष मूळ कचऱ्यापेक्षा जास्त वजनाचे भरले, आणि ते पुरायला सुरक्षित जागा शोधण्याचं काम उरलंच.

तेव्हा पहिला प्रश्न राखेचा विचारा. ती कुठे पुरणार, तळाला अस्तर काय, झिरपलेलं पाणी कुठे जमा होणार? तुमच्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पाऊस कसा कोसळतो ते मी तुम्हाला सांगायला नको. दुसरा प्रश्न, भट्टीचं तापमान घसरलं तर कचरा आत जाणं आपोआप बंद होतं का? वीज गेल्यावर काय? चिमणीवरचे आकडे गावाला रोज दिसतील अशा ठिकाणी लावणार का?

अशा प्रकल्पाला पर्यावरणावरच्या परिणामांबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी असते आणि निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा गोषवारा मिळवा आणि तो ग्रामपंचायतीत मराठीतून वाचून घ्या. सुनावणीत बोलताना कागद बघून बोला, म्हणजे मुद्दा नीट लिहून घेता येतो. चित्रीकरण होतं, शेवटी मांडलेले मुद्दे सगळ्यांसमोर वाचून दाखवावे लागतात. दुपार झाली, एसटी चुकेल म्हणून बायका आधीच उठतात असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी गावाहून स्वतःची गाडी करून या, आणि तुमचा राखेचा प्रश्न तिथे वाचला जाईपर्यंत बसून राहा.