मुंग्यांना वाट कोण दाखवते?

प्रश्न : स्वयंपाकघरात ओट्यावर गुळाचा खडा राहिला, तर थोड्याच वेळात मुंग्यांची रांग लागते. ओल्या फडक्याने रांगेचा मधला भाग पुसला, की मुंग्या तिथपर्यंत येऊन घुटमळतात आणि काही वेळाने रांग पुन्हा जुळते. त्यांना गुळाचा पत्ता कोण सांगते? राणी मुंगी हुकूम देते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही फडक्याने पुसलेल्या त्या चार बोटे जागेतच तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. अन्न सापडलेली कामकरी मुंगी घरी परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवत जाते आणि फेरोमोन या गंधद्रव्याची अतिसूक्ष्म रेघ मागे सोडते. घरातल्या इतर मुंग्या ही रेघ मिशांनी हुंगत गुळापर्यंत पोहोचतात, आणि परतताना त्याही गंध सोडत असल्यामुळे रेघ अधिकाधिक ठळक होत जाते. तुम्ही पुसली ती ही रेघ. गूळ संपला, की रिकाम्या परतणाऱ्या मुंग्या गंध सोडत नाहीत, आधीचा गंध उडून जातो आणि रांग विरते. राणीचा यात काहीही संबंध नसतो. तिचे काम अंडी घालण्याचे. हुकूम देणारे तिथे कोणीच नसते.

ब्रुसेल्सच्या संशोधकांनी 1989 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. त्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांचे घर आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब असे दोन फाटे असलेला पूल ठेवला. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून गेल्या. परंतु आखूड फाट्यावरून गेलेल्या लवकर परतल्यामुळे तिथला गंध आधी दाट झाला आणि बहुतेक साऱ्या मुंग्या तिकडे वळल्या. एकाही मुंगीने दोन्ही अंतरे मोजली नव्हती. मात्र लांब वाट आधी रुळू देऊन आखूड फाटा नंतर जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. मुंग्यांच्या शहाणपणाचे कौतुक करताना ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवतो.

सगळ्याच मुंग्या गंधाच्या रेघेवर विसंबत नाहीत. अमेरिकेच्या वाळवंटी भागातील दाणे वेचणाऱ्या मुंग्यांचा जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन यांनी अनेक वर्षे अभ्यास केला आहे. तिथे दाणे विखुरलेले असल्यामुळे रांगेचा उपयोग नसतो. दाणे घेऊन परतणाऱ्या मुंग्या दाराशी किती वारंवार भेटतात, त्यावरून आतल्या मुंग्यांचे बाहेर पडणे ठरते.

गंधाच्या रेघेची गोष्ट तुम्हाला घरी पडताळता येईल. रांगेच्या वाटेवर कागदाची पट्टी ठेवा, तिच्यावरून रांग नीट सुरू झाली की मुंग्या झटकून पट्टी किंचित तिरकी फिरवा. मुंग्या जुन्या सरळ दिशेने जातात की पट्टीवरच्या तिरक्या रेघेने, ते आम्हाला अवश्य कळवा.