नाल काढल्यावर घोडी खडीवर पाय चोरते. रेटावं की पुन्हा नाल ठोकावेत?

तीन आठवड्यांपूर्वी घोडीचे चारही नाल काढले, मातीवर ती मजेत चालते, पण खडी आली की पाय चोरते, तेव्हा सवय होईपर्यंत रेटावं की पुन्हा नाल ठोकावेत, असा तुमचा प्रश्न. सध्या तरी दोन्ही नको. त्यातलं रेटणं तर मुळीच नको.

मी रेटलं होतं, म्हणून सांगतो. माझ्या कुमैत घोड्याचे नाल काढले तेव्हा मला वाटलं, अनवाणी चालून माणसाच्या तळव्याला घट्टे पडतात, तसंच याचंही होईल. रोज अर्धा तास खडीची वाट. बाराव्या दिवशी पुढचा उजवा पाय जमिनीला टेकेना. तळ ठेचला जाऊन आत पू झाला होता. डॉक्टरांनी वाट करून तो काढला, पाय बरा झाला, पण दोन महिने गेले. वर कितीतरी दिवस तो खुराला हात लावू देत नव्हता, ते वेगळंच.

दुखण्यानं खूर कणखर होत नाही, उलटच होतं. निरोगी घोडा सपाट जमिनीवर पाय टाकताना टाच किंचित आधी टेकवतो, निदान पूर्ण खूर एकदम टेकवतो. टाचेच्या आत एक लवचिक गादी असते, खाली रबरासारखा त्रिकोणी भाग असतो (नालबंद त्याला फ्रॉग म्हणतात). धक्का सोसायचं काम या दोघांचं. नाल असताना फ्रॉग बहुतेक वेळ अधांतरीच राहतो, त्यामुळे हा भाग आळसावतो. आता नाल काढल्यावर त्याला काम मिळायला हवं, तर खडी टोचते म्हणून घोडी खुराचं टोक आधी टेकवायला लागते. म्हणजे ज्याला व्यायाम हवा तोच पुन्हा रिकामा.

म्हणून आधी एक काम करा. कडक सपाट जमिनीवर कोणाला तरी तिला धरून चालवायला सांगा, आणि बाजूनं, खुराच्या उंचीवर मोबाइल धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. टाच आधी टेकते का, एवढंच बघा. ज्या जमिनीवर टेकते, ती तिची आजची जमीन. तिथे दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवा, दर आठवड्याला थोडं वाढवा. डांबराचा गुळगुळीत रस्ता पुष्कळांना कठीण वाटतो, पण घोड्याला तो खडीपेक्षा कितीतरी सोपा जातो, कारण टोचणारं काही नसतं. मात्र पाऊस लागून खूर भिजलेले असतील तर त्या दिवशी वाट सोपी निवडा. भिजलेला तळ मऊ पडतो.

खडीवर जावंच लागत असेल तर घोड्याचे बूट घ्या, आत मऊ गादी घालून. खूर तासून झाल्यावर माप घ्या, आधी नको, आणि सुरुवातीला दर फेरीनंतर कातडी घासली गेलीय का ते बघा. बुटात चालताना टाच नीट टेकते, त्यामुळे बूट म्हणजे फसवणूक वगैरे नाही.

नालबंदाशी मात्र स्पष्ट बोला. नाल ठोकण्यापूर्वी तळ खरवडून साफ करायची त्यांच्या हाताला सवय असते. अनवाणी घोड्याच्या तळाचा एक पापुद्राही चांगला असेल तर काढू देऊ नका, फ्रॉगही लोंबत असेल तेवढाच कापावा. कानशीनं बाहेरची कड गोल करून घ्या, म्हणजे खुराच्या भिंतीचे, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाचे, टवके उडत नाहीत. जुन्या खिळ्यांच्या भोकांपाशी थोडे उडतीलच, त्याची काळजी नको. चार-पाच आठवड्यांनी पुन्हा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: चंदी. बरेच घोडे खडीवर अडखळतात ते तळ पातळ असतो म्हणून नव्हे, तर पोटात साखर आणि स्टार्च जास्त जातं म्हणून. त्यानं खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पदर सुजतात. हाच लॅमिनायटिस. सौम्य असला तर लंगडणं दिसतही नाही, फक्त घोडा खडीवर जपून चालतो. धान्य कमी करा, वाळलेला चारा वाढवा. तो वजनदार घोड्याला देण्याआधी तासभर थंड पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या, बरीच साखर निघून जाते. उन्हाच्या दिवशी ताज्या गवतात साखर दुपारनंतर सर्वात जास्त असते, तेव्हा चरायला सकाळी सोडा. खूर गरम लागत असतील, घोट्यापाशी नाडी ठणठण उडत असेल, किंवा घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहत असेल, तर माझी उत्तरं वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

फ्रॉगच्या खाचेत काळा, घाण वासाचा चिखल दिसतो का तेही पाहा. तो थ्रश, म्हणजे फ्रॉग सडवणारा संसर्ग. तो दुखत असेल तर घोडी टाच टेकवणारच नाही, मग बाकी सगळं व्यर्थ. रोज खूर साफ, उभं राहायची जागा कोरडी.

किती दिवस? खुराची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. वरून निघालेलं नवं खूर टोकापर्यंत यायला 9 ते 12 महिने लागतात, टाचेला निम्म्याहून कमी. तुमची घोडी आज उभी आहे ती अजून नालातल्याच खुरावर. तीन आठवड्यांत निकाल लावू नका. ग्रीक सेनानी झेनोफॉननं, खिळ्यांचे नाल येण्याच्या कित्येक शतकं आधी, घोडा खरारा करायला उभा करतात त्या जागी गोल दगड पसरायला सांगितलं होतं. उभ्या उभ्या, रोज थोडं थोडं. पाण्याच्या टाकीभोवती बारीक गोल गोटे पसरून मी तेच केलं, पण सहाव्या महिन्यात, त्याला न दुखता उभं राहता यायला लागल्यावर.

आणि वर्षभर सगळं करूनही दगडाळ वाटेवर रोजचं काम जमत नसेल, किंवा झिजणं वाढीपेक्षा जास्त होत असेल, तर खुशाल पुढचे दोन नाल ठोका. पुढच्या पायांवर भार जास्त असतो, मागचे बहुधा बिननालाचे निभावतात. माझा घोडा आता चारही पायांनी अनवाणी आहे, पण खडी दिसली की आपणहून कडेच्या गवतावर सरकतो. मी लगाम ओढत नाही.