शब्दातला आवाज पुन्हा आला की अर्थ का बदलतो?

तुम्ही विचारलंय की ‘घरोघरी’, ‘हळूहळू’, ‘धो धो’ अशा शब्दांत आवाज पुन्हा आला की अर्थ वाढतो, हे सगळ्याच भाषांत होतं का?

पुष्कळ भाषांत होतं. इंडोनेशियनमध्ये ओरांग म्हणजे माणूस, ओरांग-ओरांग म्हणजे माणसं. जपानीत हितोचं हितोबितो होतं. पण ‘दोनदा म्हणजे जास्त’ हा नियम मला पुरा पटत नाही. मँडरिनमध्ये कान म्हणजे बघणं, आणि कानकान म्हणजे जरासं बघून घेणं. आपल्याकडेही ताक ‘आंबट आंबट लागतंय’ म्हटलं, तर ते थोडंसंच आंबट असतं. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये तर सिप म्हणजे जहाज आणि सिपसिप म्हणजे मेंढी. तिथे पुनरावृत्ती फक्त दोन शब्द वेगळे ठेवते.

कोणता आवाज पुन्हा येतो, त्यालाही वजन असतं. जपानीत हलकी वस्तू कोरोकोरो घरंगळते, जड वस्तू गोरोगोरो. आपली वीज कडकडते, ढग गडगडतात. क आणि ग एवढाच फरक, पण कानाला लगेच कळतो.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो शाळेच्या व्याकरणातल्या अभ्यस्त शब्दांच्या शेजारचा प्रकार: चहाबिहा. मी जळगावकडचा. इथे पाहुण्याला ‘चहाबिहा घेता का?’ विचारतात, तेव्हा ‘बिहा’ला स्वतःचा अर्थ काहीच नाही, तरी त्यात सरबत येतं, फराळ येतो, आग्रह तर येतोच. नुसतं ‘चहा घेता का?’ विचारलं तर हे दार बंद होतं. खान्देश अशा जागी आहे की दोन्हीकडे हा तुकडा बदललेला ऐकू येतो. भुसावळहून बऱ्हाणपूरकडे जा, ‘पानी-वानी’ होतं. नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसा, गुजराती माणूस ‘पाणी-बाणी’ म्हणतो. आपलं ‘पाणीबिणी’ या दोहोंच्या मधे. दक्षिणेत ‘गि’ येतो: तमिळमध्ये पुलि म्हणजे वाघ, पुलि-गिलि म्हणजे वाघबिघ. घराणी वेगळी असूनही भारतातल्या भाषांनी ही लकब वाटून घेतली आहे, हे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1956 च्या लेखात दाखवलं. मात्र ती भारतापुरतीच नाही, तुर्कीतही ‘किताप-मिताप’ आहे.

तुमच्या गावाकडे ‘बि’च्या जागी दुसरं काही म्हणत असतील, तर खाली जरूर लिहा.