बाटलीतले कण: दहा की अडीच लाख?

प्रश्न: बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात प्लास्टिकचे सुमारे दहा सूक्ष्म कण असतात, असे मी काही वर्षांपूर्वी वाचले होते. आता तोच आकडा जवळजवळ अडीच लाख असल्याचे वाचले. एवढ्यात पाणी इतके बिघडले, की कोणाची तरी मोजणी चुकली? हे घरी तपासता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: मोजणी कोणाचीच चुकलेली नाही, दोघांच्या चाळण्या वेगळ्या होत्या. एकच दळण रव्याच्या चाळणीतून काढले आणि मैद्याच्या चाळणीतून काढले, तर वर राहणारा ऐवज सारखा नसतो, तसेच हे आहे.

आपण वाचलेला पहिला आकडा बहुधा 2018 सालचा असावा. अमेरिकेतील फ्रेडोनिया येथील विद्यापीठात शेरी मेसन यांच्या गटाने भारतासह 9 देशांतील 259 बाटल्या तपासल्या, तेव्हा 100 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीपेक्षा, मोठे असे सरासरी 10.4 कण लिटरमागे आढळले. त्याच बाटल्यांत 6.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण ‘नाईल रेड’ या चमकणाऱ्या रंगाने मोजले, तर सरासरी 325 वर गेली. मात्र हा रंग तेलकट आणि इतर सेंद्रिय कणांनाही चिकटू शकतो, त्यामुळे या आकड्याची खात्री पहिल्याइतकी नाही. अडीच लाखांच्या जवळचा आकडा 2024 मधला, कोलंबिया विद्यापीठाचा. त्यांनी अमेरिकेतील तीन ब्रँडचे पाणी लेझरवर चालणाऱ्या रामन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. लिटरमागे सरासरी 2,40,000 कण सापडले आणि त्यांतले सुमारे 90 टक्के एका मायक्रॉनहूनही लहान होते. गंमत अशी, की त्यांत नायलॉनच्या जातीचे कण बरेच होते आणि ते पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांतूनच आले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

संख्येने दचकण्यापूर्वी वजनाचा हिशेब करून पाहावा. 100 मायक्रॉन व्यासाच्या एका गोल कणात जेवढे प्लास्टिक असते, तेवढ्यात एक मायक्रॉनचे दहा लाख कण होतात. म्हणूनच काही प्रयोगशाळा कण मोजण्याच्या फंदात न पडता नमुना हवेविना तापवून त्याचे विघटन करतात आणि निघालेल्या वायूंवरून प्लास्टिकचे वजन काढतात. या पद्धतीतही खोच आहेच: चरबी तापवली की पॉलिथिनसारखेच काही घटक निघतात, त्यामुळे नमुन्यातील चरबी आधी नीट काढली नसेल तर आकडा फुगतो.

नदीच्या गाळात तर प्लास्टिक वेगळे काढण्यापासूनच अडचण सुरू होते. गाळ मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळला की वाळू खाली बसते आणि पॉलिथिन तरंगते. पण त्या पाण्याची घनता सुमारे 1.2, तर पॉलिएस्टरची सुमारे 1.38, त्यामुळे कपड्यांचे धागे वाळूबरोबर तळाशी जातात आणि मोजणीतून सुटतात. ते हवे असतील तर झिंक क्लोराइडसारखे जड द्रावण लागते, आणि ते महागही पडते.

घरी तपासण्याविषयी स्पष्टच सांगतो: वेळ घालवू नये. भिंगाखाली दिसणारा रंगीत धागा पाण्यातला, हवेतला की आपल्याच शर्टाचा, हे सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतही म्हणून सुती अ‍ॅप्रन वापरतात. काही ठिकाणी तो मुद्दाम भडक रंगाचा असतो, म्हणजे त्याचा धागा नमुन्यात पडला तर लगेच ओळखू यावा. शिवाय प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना, म्हणजे नुसते गाळलेले शुद्ध पाणी, त्याच भांड्यांतून आणि त्याच हातांनी नेले जाते, आणि त्यात सापडलेले कण हिशेबात धरले जातात. एवढे करूनही फसगत होते: वापरून टाकायच्या हातमोज्यांवर राहिलेले स्टिअरेट या साबणासारख्या पदार्थाचे अंश, कण कशाचा आहे हे ओळखण्यासाठी काढलेल्या इन्फ्रारेड (अवरक्त) किरणांच्या आलेखात पॉलिथिनसारखे दिसतात, आणि स्वच्छतेसाठी चढवलेला हातमोजाच मोजणीत प्लास्टिक म्हणून जमा होतो.