जीन्स वीस हजार, मग अँटीबॉडी कोट्यवधी कशा?

तुम्ही विचारलंय की माणसाच्या शरीरात जीन्स वीसेक हजारच, तर कोट्यवधी प्रकारच्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूला पकडणारी प्रथिनं, येतात कुठून आणि त्यांचं औषध कसं करतात. मी मायक्रोबायोलॉजीवाला, जमेल तसं सांगतो.

प्रत्येक अँटीबॉडीला वेगळा जीन नसतोच मुळी, सुटे तुकडे असतात. अँटीबॉडीत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या. जड साखळीच्या जंतू पकडणाऱ्या टोकासाठी डीएनएत तुकड्यांचे तीन गठ्ठे आहेत, व्ही नावाचे चाळीसेक, डी 23 आणि जे 6. हाडातल्या मगजात अँटीबॉडी बनवणारी बी पेशी तयार होताना प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक तुकडा उचलते, मधलं कापून फेकते आणि जोडून टाकते, झाले साडेपाच हजार प्रकार. हलकीचे तीनेकशे धरा, गुणाकार पंधरा-वीस लाखांवर जातो. पण खरी गंमत सांध्यावर आहे, तिथे पेशी डीएनएची काही अक्षरं खाते आणि काही स्वतःच्या मनाने घुसडते, त्यामुळे आकडा कुठल्या कुठे जातो. सुसुमु टोनेगावांनी 1976 मध्ये बाझेलला हे दाखवलं, 1987 ला नोबेल मिळालं.

आणि हे सगळं जंतू यायच्या आधीच, आंधळेपणाने चालतं. बहुतेक पेशींना त्यांचा जंतू जन्मात भेटत नाही. जिला भेटतो ती मग भराभर वाढते, वाढताना अजून बारीक बदल करून पकड घट्ट करते, पण याला आठ-दहा दिवस तरी लागतात.

हे दिवस किती महाग पडतात ते भाच्यामुळे कळलं. पोटरीला कुत्रा चावला, रक्त आलं. दंडात लस दिली आणि वर जखमेच्या कडेकडेने सुई टोचत दुसरं औषध भरलं, पोरगं किंचाळत होतं, ताई माझ्यावरच ओरडली की दोन-दोन इंजेक्शनं कशाला. अगं, लसीने अँटीबॉडी व्हायला वेळ लागतो, तोवर विषाणू नसेत शिरायला नको म्हणून ह्या तयार अँटीबॉडी, उसन्या.

पूर्वी या बहुतेक घोड्याच्या रक्तातून यायच्या, अजूनही येतात, आणि सापाच्या विषावरचं औषध तर घोड्याचंच. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजला उंदराची बी पेशी न थांबता वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीशी जुळवली, म्हणजे एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी, हीच मोनोक्लोनल. पण उंदराची म्हणून आपलं शरीर तिच्यावरच उठतं. मग उंदरातच माणसाचे अँटीबॉडी जीन्स घातले! पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं 2016 चं रेबीजवरचं औषध रेबीशील्ड अशाच उंदरातून निघालेल्या मानवी अँटीबॉडीचं आहे. ब्रेस्ट कॅन्सरचं ट्रास्टुझुमॅब, संधिवाताचं अ‍ॅडालिमुमॅब, नावाच्या शेवटी मॅब दिसलं की ती मोनोक्लोनल समजा.

फक्त एक भानगड आहे. घोड्याच्या रक्तातून काढलेल्या औषधात शंभर तऱ्हेच्या अँटीबॉडी, विषाणूला इकडूनतिकडून धरतात. मोनोक्लोनल एकाच जागी धरते, ती जागा बदलली की हात रिकामा, ओमिक्रॉन आल्यावर कोविडच्या बऱ्याच मोनोक्लोनल अशाच बाद झाल्या. म्हणून रेबीजला आता वेगवेगळ्या जागी धरणाऱ्या दोन मोनोक्लोनल एकत्र करून देणारं औषधही निघालंय, मला तरी ते जास्त पटतं.